पदवीधरांच्या वाटा : दीडशे वर्षांचा मागोवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आमच्यावर विषयाचे बंधन घातले नव्हते. मंडळातील महाविद्यालयीन मुलामुलींना उपयोगी पडेल असे काही लिहावे, एवढेच सुचविले होते. पदवीनंतर काय करावे याविषयी उपदेश करणारे लेख उदंड आहेत आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले जातात ते तरुण ते वाचीत नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून उपदेश बाजूस ठेवून इतिहास सांगावा असे ठरविले. आपल्या समाजातील शिकलेल्या मंडळींनी गेल्या दीडशे वर्षांत आपापले व्यवसाय निवडले कसे आणि त्यांना वाट दाखविली कोणी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपण सारे महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर येऊन का राहिलो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तरही याच इतिहासात सापडते.

आरंभ नोकरीपासून करणे भाग आहे. १८४४ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग यांनी इंग्रजी शिकलेल्यांस सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आणि शिक्षण व नोकरी यांची जी गाठ त्या दिवशी बसली ती अद्याप पुरती सुटलेली नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. या दोघांनाही पदवी हाती पडताच आपला मार्ग निश्चित दिसत होता, असे मात्र नाही. रानड्यांनी १८६६ साली एल्‌एल.बी. झाल्यावर शिक्षण खात्यात भाषांतरकाराचे काम पत्करले, मग अक्कलकोट संस्थानचा कारभार पाहिला, कोल्हापुरास न्यायाधीशाचे काम केले, एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी शिकविले आणि १८७१ साली पुण्यास दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर ते बसले १८९३ साली. भांडारकरांची पहिली मुख्याध्यापकी तर सिंधमधील हैदराबादेस, १८६४ साली. म्हणजे परप्रांतात नोकरीस जाणारा मराठी पदवीधर हा आपल्या पिढीचा शोध नव्हे. विद्यापीठाच्या अगदी पहिल्या तुकडीतच तो आढळतो.

परंतु हे झाले शिखरावरचे लोक. खेड्यापाड्यांतील सामान्य विद्यार्थ्यास त्या काळी नोकरीच्या दारापर्यंत पोहोचणे किती दुष्कर होते, हे पाहावयाचे तर महर्षी कर्व्यांचे उदाहरण घ्यावे. १८७५ च्या सुमारास मुरुडचे धोंडो केशव कर्वे सरकारी नोकरीस पात्र ठरविणाऱ्या परीक्षेसाठी सोबत्यांसह साताऱ्यास निघाले. कोकणातून सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांची ती वाट त्यांनी पायी तुडविली. परीक्षा समितीपुढे उभे राहिल्यावर हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, या कारणास्तव त्यांस परत पाठविण्यात आले. पुढल्या वर्षी ते कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले, पुढे मुंबईस येऊन १८८४ साली बी.ए. झाले आणि १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. स्त्रीशिक्षणाचे जे कार्य त्यांचे म्हणून आज जग ओळखते, त्याचा मागमूसही त्या पायपिटीत नव्हता. सतराव्या वर्षी त्यांस हवी होती ती साधी नोकरी.

इंग्रजी मुलखाबाहेर दुसरे मोठे दार होते संस्थानांचे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, धार, देवास या दरबारांना कारभारी, शिक्षक, हिशेबनीस हवे असत आणि दरबारची भाषा मराठी असल्याने पुण्या-कोकणातील पदवीधर तिकडे ओढला जाई. गोविंद सखाराम सरदेसाई १८८८ साली बी.ए. झाले आणि दुसऱ्याच वर्षी सयाजीराव महाराजांचे वाचक म्हणून बडोद्यास रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना इतिहास शिकविणे या कामासाठी टिपणे काढता काढता त्यांतूनच पुढे रियासती जन्मास आल्या. इतिहासकार व्हावयाचे म्हणून ते बडोद्यास गेले नव्हते. नोकरीने त्यांस इतिहासाकडे नेले. संस्थानांच्या मागोमाग रेल्वे, पोस्ट व तार, लष्करी हिशेब आणि १९११ नंतर दिल्लीची सचिवालये ही दारे उघडली. आपल्या मंडळातील किती घरांची कहाणी यांपैकी एखाद्या खात्याच्या बदलीच्या हुकुमापासून सुरू होते, हे सभासदांनी आपल्या मनाशीच मोजून पाहावे.

नोकरी सर्वांनाच हवी होती असेही नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेची नोकरी सोडली आणि टिळकांसह १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच त्यांस येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. तेथील आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवा द्यावयाची आणि वेतन दरमहा पंचाहत्तर रुपये घ्यावयाचे, असा दंडक पडला. याच पंचाहत्तर रुपयांवर गोपाळ कृष्ण गोखले राहिले आणि केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपेही. परांजपे परतले तेव्हा त्यांस कोणत्याही सरकारी खात्यात याच्या कित्येक पट पगार मिळता. दिलेला शब्द त्यांनी पाळला. तथापि या त्यागाच्या कथा सांगताना एक गोष्ट आपण विसरतो. परांजपे हे कर्व्यांचे नातलग होते आणि त्यांच्या शिक्षणाची काळजी कर्व्यांनी वाहिली होती. मुर्डीसारख्या कोकणातील लहानशा गावच्या मुलास केंब्रिजची वाट दिसली ती घरात वाट ठाऊक असलेला एक माणूस होता म्हणून.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत याहून निराळी आहे आणि आमच्या मते आजच्या विद्यार्थ्याने ती सर्वांत काळजीपूर्वक वाचावी. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे कळून आले की त्यांस रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे मिळावयाची बढती डावलली गेली तेव्हा राजीनामा देऊन बेळगावास आले आणि बंधूंच्या साहाय्याने सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. त्या दुकानातून कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमिनीस विष चढते, अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. हा सारा क्रम योजनेबरहुकूम घडला, असे कोणी म्हणणार नाही. मात्र प्रत्येक वळणावर या माणसाने आपल्या हातात काय उरले आहे याचा हिशेब केलेला दिसतो, आणि उरले होते ते यंत्राचे चित्र कागदावर उतरविण्याचे कसब.

आता आमच्या स्वतःच्या क्षेत्राकडे, म्हणजे स्पर्धा परीक्षांकडे वळतो. हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी पहिली खुली स्पर्धा १८५५ साली लंडनमध्ये झाली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर हे तीत यशस्वी होणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांची बहुतेक नोकरी मुंबई इलाख्यात गेली. १८७८ पासून या परीक्षेची कमाल वयोमर्यादा एकोणीस वर्षांवर आणण्यात आली. एकोणीस वर्षांच्या आत इंग्रजीवर प्रभुत्व मिळवावयाचे, समुद्र ओलांडावयाचा, लंडनमध्ये राहून परीक्षा द्यावयाची, हे किती घरांना शक्य होते? सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी यावरून देशभर चळवळ केली. पुढे मर्यादा वाढली आणि १९२२ पासून ही परीक्षा भारतातही होऊ लागली. १९२६ साली लोकसेवा आयोग आला आणि २६ जानेवारी १९५० पासून तो संघ लोकसेवा आयोग झाला.

या परीक्षेच्या इतिहासात मराठी माणसास अभिमान वाटावा असे नाव चिंतामणराव देशमुखांचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला निसर्गविज्ञानाचा अभ्यास, त्यात वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक आणि १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक. संस्कृत व वनस्पतिशास्त्र यांत चमकलेला हा विद्यार्थी मध्य प्रांत व वऱ्हाडात अधिकारी झाला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९५० साली अर्थमंत्री झाला आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली ते पद सोडून विद्यापीठ अनुदान मंडळाचा अध्यक्ष झाला. ज्या विषयात पदवी त्याच विषयात जन्म काढला पाहिजे, अशी समजूत बाळगणाऱ्या पालकांनी हे चरित्र डोळ्यांखालून घालावे.

मुलींच्या वाट्यास आलेली वाट अधिक खडतर होती. इंदुरास जन्मलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुलगी म्हणून तो नाकारण्यात आला. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. कमलाबाईंनी बंगळूर गाठले, नकाराचे कारण समक्ष विचारले आणि माघार घेतली नाही. अखेर वर्षभर परीक्षाधीन ठेवण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. त्यांच्या कामानंतर त्या संस्थेचे दार मुलींना उघडले आणि १९३९ साली केंब्रिजने त्यांस पीएच.डी. दिली. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचबरोबर हेही नोंदविले पाहिजे की त्यांचे वडील व चुलते याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. ही संस्था अस्तित्वात आहे, तेथे संशोधन चालते, अर्ज असा करावयाचा असतो, हे त्या घरात लहानपणापासून कानावर पडत होते. त्याच वर्षी तितकीच बुद्धिमान, पण अशा काकांवाचून वाढलेली एखादी मुलगी कोठे अर्ज करणार होती?

येथे आम्हांस या साऱ्या इतिहासातील मुख्य सूत्र दिसते. बुद्धी आणि कष्ट यांची वाण आपल्याकडे फारशी कधी नव्हती. वाण होती ती बातमीची. कोणते दार कोठे आहे, हे ज्याच्या घरी ठाऊक तो पुढे गेला. ज्याच्या घरी ठाऊक नव्हते तो वडिलांच्याच खात्यात चिकटला. गावाकडे निदान मामा, मावसा, शेजारचे मास्तर असत. परप्रांतात आलेल्या कुटुंबाचा हा गोतावळाच तुटतो. बाप ज्या कचेरीत, तेवढीच कचेरी मुलास दिसते.

ही उणीव ओळखून तिच्यावर शास्त्रशुद्ध उपाय करण्याचा विचार प्रथम अमेरिकेत झाला. बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तरुणांना व्यवसाय मार्गदर्शन करणारे केंद्र उघडले. हे गृहस्थ शिक्षणाने स्थापत्य अभियंते. रेल्वेत लागले तर ती कंपनीच बुडाली. मग मजुरी, शिक्षकी, वकिली, अध्यापन अशी वळणे घेत ते या कामास आले होते. आधी स्वतःस ओळखावे, मग निरनिराळ्या कामांची माहिती मिळवावी आणि नंतर दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा, अशी त्यांची साधी रीत होती. केंद्र उघडले त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचे पुस्तक १९०९ साली मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. आजच्या चाचण्यांचा व समुपदेशनाचा डोलारा मुख्यतः याच तीन पायांवर उभा आहे. नव्या साहित्याची नावे बदलतात, पाये तेच राहतात.

आपल्याकडे सरकारी सेवायोजन कार्यालये निघाली ती १९४५ साली, आणि तीही महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून. विद्यार्थ्यांचा विचार नंतर झाला. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये माध्यमिक शाळांतून मार्गदर्शनाची गरज मांडली. शिवराव समितीच्या १९५४ च्या अहवालानंतर सेवायोजन कार्यालयांचा कारभार १९५६ साली राज्यांकडे गेला आणि विद्यापीठांतून रोजगार माहिती केंद्रे निघू लागली. कागदावर ही व्यवस्था उत्तम होती. व्यवहारात नाव नोंदवून कार्डाचे नूतनीकरण करीत राहणे, एवढाच तिचा अर्थ असंख्य तरुणांना कळला. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी मानसशास्त्रीय कसोट्यांचे काम मराठीत केले, परंतु त्याचा लाभ महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना सहजी मिळणारा नव्हता.

आपले मंडळ स्थापन झाले तो काळ या बाबतीत मोठा घडामोडींचा होता. केंद्राच्या कनिष्ठ पदांसाठी निवड करणारा आयोग १९७५ च्या नोव्हेंबरात नेमला गेला. १९७७ पासून त्यास कर्मचारी निवड आयोग म्हणतात. १९७६ साली ‘रोजगार समाचार’ हे सरकारी साप्ताहिक निघाले. ते इंग्रजी, हिंदी व उर्दूत निघते, मराठीत नाही. तरीही परप्रांतातील कितीतरी मराठी घरांत ते येऊ लागले आणि देशभरच्या जागांची बातमी प्रथमच गोतावळ्यावाचून मिळू लागली. डॉ. दौलतसिंग कोठारी समितीच्या शिफारशींवरून १९७९ पासून मुलकी सेवा परीक्षेची नवी योजना आली. प्राथमिक परीक्षा सुरू झाली आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांतून उत्तरे लिहिण्याची मोकळीक मिळाली.

या योजनेत एका भारतीय भाषेची अनिवार्य प्रश्नपत्रिका असते. तिचे गुण क्रमवारीत धरले जात नाहीत. पण तीत नापास झालेल्याच्या इतर उत्तरपत्रिकांचाही उपयोग होत नाही. घरी अस्खलित मराठी बोलणारी आणि देवनागरी वाचता येणारी, परंतु मराठीत चार परिच्छेद न लिहिलेली आपली मुले येथे मराठीऐवजी शाळेतील भाषा घेतात. त्यात गैर काही नाही. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाचा असाही एक उपयोग आहे, हे मात्र पालकांच्या ध्यानात यावे.

याच परीक्षेविषयी आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. वयोमर्यादा एकोणीस म्हणून आपल्या पूर्वजांनी आंदोलन केले. १९७९ च्या योजनेत सर्वसाधारण उमेदवारास तीनच संधी होत्या. २०१४ पासून मर्यादा बत्तीस वर्षे आणि संधी सहा झाल्या. हे औदार्य खरेच. पण त्याची दुसरी बाजू आम्ही जवळून पाहिली आहे. दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि २०२४ च्या परीक्षेतून शिफारस झाली ती १००९ उमेदवारांची. आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबातील मुलगा दिल्लीत खोली घेऊन सहा वर्षे अभ्यास करीत होता. मुलगा हुशार, शिस्तीचा. सहावी संधी संपली तेव्हा तो तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभा होता आणि हाती बी.ए.च्या पदवीपलीकडे काही नव्हते. त्याच्या आईने आम्हांस विचारले, “साहेब, आता याने काय करायचे?” आम्ही जन्मभर सरकारी नोकरी केली, तिच्यावर आमची श्रद्धा आहे, आणि तरीही आम्ही असे म्हणतो की पहिल्या संधीपूर्वीच दुसरी वाट कागदावर लिहून ठेवावी. त्या मुलास पुढे भूगोल आणि नकाशांची आवड उपयोगी पडली. एका सर्वेक्षण संस्थेत तो लागला आहे. ही आवड बाविसाव्या वर्षीही त्याच्यापाशी होती. ती कोणी विचारलीच नाही.

अभियांत्रिकीचे तेच झाले. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पूर्वी मूठभर जागांसाठी झुरणारे मराठी घर एकदम एकाच रांगेत उभे राहिले. परप्रांतातील आपली मुलेही त्या रांगेत गेली. कित्येकांचे भले झाले, हे नाकारता येणार नाही. पुढे संगणकाचा काळ आला तेव्हा ज्यांचे हात यंत्रावर बसले होते त्यांना तो लाभला; नुसती पदवी घेऊन आलेले पुन्हा स्पर्धा परीक्षांकडे वळले.

आज बातमीची वाण उरलेली नाही. उलट पूर आला आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून संगणकावर उपलब्ध आहे आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या काळातच प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्यास वाट करून दिली आहे. परंतु पुरात पिण्याचे पाणी शोधावयाचे तर जाणता माणूस जवळ लागतो. खात्यातील दिवस कसा जातो, पगारातून घरभाडे सुटते काय, पन्नाशीनंतर त्या कामात मन रमते काय, हे जाहिरातीत छापलेले नसते. कर्व्यांनी परांजप्यांसाठी आणि भागवत बंधूंनी कमलाबाईंसाठी जे केले ते यंत्राकडून होण्यासारखे नाही.

या विचाराने मंडळाच्या वाचनालयात गेल्या वर्षी एक नोंदवही ठेवण्यात आली. तीत सभासदाचे नाव, शिक्षण, आजवर केलेली सर्व कामे (केवळ शेवटचे पद नव्हे), आणि विद्यार्थ्यांशी बोलण्यास सोयीचा वार, असे चार रकाने आहेत. आतापर्यंतच्या नोंदी चाळल्या तेव्हा आपल्यात एक हवामानशास्त्रज्ञ, दोन परिचारिका, एक ओतशाळेचा मालक, रेल्वेचे निवृत्त गार्ड आणि कापडावरील छपाईचा व्यवसाय करणाऱ्या एक भगिनी आहेत, हे आम्हांसही प्रथमच कळले. आणि गणेशोत्सवात वर्षानुवर्षे आम्ही यांच्याच शेजारी बसत आलो आहोत. परिचारिका भगिनींकडे आजवर तीन मुली येऊन गेल्या. ओतशाळेच्या मालकांकडे अद्याप कोणी फिरकले नाही. नोंदवही ग्रंथपालांच्या टेबलावर असते आणि वाचनालय रविवारी सकाळी दहा ते बारा उघडे असते.